आमच्या ५८ एकर शिवारावर घरे, दुकाने आणि कार्यालये : नकाशा काढण्यापूर्वी काय ठरवावे?

शिवारातला

पुण्याच्या पूर्वेला, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर पण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात आमचे गाव आहे. गावठाणाला लागून, ओढ्याच्या दोन्ही अंगांना, आमच्या भावकीची आणि शेजाऱ्यांची मिळून २२ खातेदारांची सुमारे ५८ एकर सलग जमीन आहे. गेली चार वर्षे तीत ऊस कमी आणि दलालांच्या फेऱ्या जास्त, अशी स्थिती आहे. आता आमच्यापुढे दोन प्रस्ताव आले आहेत. एक जण तुकड्या-तुकड्याने थेट खरेदी करू म्हणतो. दुसरा संयुक्त विकसनाचा करार करू म्हणतो, परंतु त्याच्या मसुद्यात आमचा वाटा केवळ सदनिकांमध्ये आहे आणि रस्त्यालगतची सर्व दुकाने व कार्यालये त्याने स्वतःकडे ठेवली आहेत.

शेजारच्या गावात दहा-बारा वर्षांपूर्वी लोकांनी गुंठे पाडून जमिनी विकल्या. तिथे आज एकही रस्ता सरळ नाही, पावसाळ्यात ओढ्याचे पाणी घरांत शिरते, आणि ज्यांची जमीन होती त्यांतले कित्येक जण त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दारात पहारा देण्याचे काम करतात. ही त्यांच्यावर टीका नाही. त्यांना दुसरा मार्ग कोणी दाखवला नाही, आणि तशीच वेळ आमच्यावर येऊ नये म्हणून मी हा धागा काढत आहे.

आमच्या बैठकीत एक कच्चा आराखडा झाला आहे. मुख्य रस्त्याच्या बाजूला कार्यालयांच्या दोन इमारती, त्यांच्या मागे घरे, मधोमध एक व्यापारी संकुल, शाळेसाठी राखीव जागा, आणि ओढ्याच्या काठाने झाडांचा पट्टा. संपूर्ण वसाहतीला कुंपणभिंत आणि दोन प्रवेशद्वारे असावीत, असे तरुण मंडळींचे म्हणणे आहे. घरे किती, दुकाने किती आणि कार्यालये किती यावर आमचा सर्वाधिक वेळ जातो, आणि दर बैठकीत आकडे बदलतात. प्रमाणाचा हा प्रश्न खरोखर पहिला आहे की त्याआधी दुसरे काही ठरवायला हवे, हे ज्यांनी अशा वसाहती उभ्या राहताना पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे.

हडपसरकर

आपल्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्यापासून फार दूर नाही. मगरपट्टा सिटीची जमीन सुमारे ४०० एकर होती आणि ती जवळपास १२० शेतकरी कुटुंबांची होती. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या विकास आराखड्यात हे शिवार शहराच्या भावी वाढीसाठी दाखवले गेले, तेव्हा आज ना उद्या जमीन हातची जाणार हे सर्वांना कळून चुकले. सतीश मगर यांनी पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र आणले. जमीन न विकता ती एका कंपनीत एकत्र करावी आणि प्रत्येक कुटुंबाला जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल मिळावे, असा तो विचार होता. प्रत्यक्ष बांधकाम २००० च्या सुमारास सुरू झाले.

त्या वसाहतीतील बागा आणि इमारती सर्वांना दिसतात, पण मला महत्त्वाची वाटते ती न दिसणारी गोष्ट. कार्यालयांच्या इमारती बांधून विकून टाकण्याऐवजी त्या भाड्याने देण्यावर तिथे भर राहिला. घर एकदाच विकले जाते आणि त्याचा पैसा एकदाच हातात येतो. कार्यालयाचे भाडे मात्र दर महिन्याला येते, जसे पूर्वी उसाचे बिल दरवर्षी येत असे. शिवाय शेतकरी कुटुंबांतील मुलांनी वसाहतीच्याच कामांचे ठेके घेतले, त्यामुळे बांधकामाच्या काळातही घरांत उत्पन्न येत राहिले.

म्हणूनच आपल्यापुढील दुसरा प्रस्ताव मला चिंताजनक वाटतो. त्यात आपल्याकडे विकून संपणारी वस्तू ठेवली आहे आणि कायम उत्पन्न देणारी वस्तू समोरच्याने घेतली आहे. प्रमाण साठ-चाळीस असो वा सत्तर-तीस, मालकी कोणाची हे ठरल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

रेखांकन

मी नगररचनेच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. हडपसरकरांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु आपल्या ५८ एकरांच्या बाबतीत एक मोठा फरक आधीच लक्षात घ्यावा लागेल. राज्यात एकात्मिक नगर वसाहतीचे धोरण आहे. त्याखाली संपूर्ण वसाहत एकच प्रकल्प म्हणून आखता येते आणि तिच्यात वापरांची सरमिसळ अधिक मोकळेपणाने करता येते. मात्र त्यासाठी किमान ४० हेक्टर, म्हणजे सुमारे १०० एकर, सलग जमीन लागते. आपली जमीन साधारण साडेतेवीस हेक्टर भरते. म्हणजे मगरपट्ट्याचे भागभांडवलाचे तत्त्व आपल्याला घेता येईल, पण त्या धोरणाच्या सवलती मिळणार नाहीत.

मग आपल्यापुढे तीन वाटा राहतात. शिवेपलीकडचे शेजारी सामील झाले तर ४० हेक्टरांची अट पूर्ण होईल. दुसरी वाट म्हणजे राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार साधे रेखांकन मंजूर करून घेणे. तिसरी वाट नगररचना योजनेची आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोकांना ती ठाऊक नसते.

नगररचना योजना ही मुंबई प्रांताच्या १९१५ च्या कायद्याइतकी जुनी पद्धत आहे. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले यांसारख्या भागांची आखणी तिच्यातूनच झाली. आज ती १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली चालते. सर्वांच्या वेड्यावाकड्या शेतांचे एकत्र रेखांकन करायचे, त्यातून रस्ते, उद्याने, शाळा आणि सार्वजनिक सोयींची जागा काढायची, आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला तोंड असलेला अंतिम भूखंड परत द्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. क्षेत्र घटते, पण मोल वाढते, आणि रस्ता कोणाच्या शेतातून गेला म्हणून एकाच घराने सारा भार सोसावा लागत नाही. आपल्याच प्राधिकरणाने महाळुंगे-माण येथे सुमारे २५० हेक्टरांवर ही पद्धत हाती घेतली आहे. उणीव ही की ती राबवणे प्राधिकरणाच्या हाती असते आणि तिला वेळ लागतो.

आपल्या कच्च्या आराखड्यातील एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, आणि ती म्हणजे कुंपणभिंत. कार्यालये मुख्य रस्त्यावर, घरे मागे आणि दुकाने मधोमध प्रवेशद्वाराच्या आत, अशी मांडणी केली तर कागदावर ती संमिश्र वसाहत दिसेल, पण प्रत्यक्षात एकमेकांकडे पाठ करून बसलेले तीन वेगळे तुकडे तयार होतील. पहारेकऱ्याच्या नोंदवहीत नाव लिहून कोणीही कोथिंबिरीची जुडी घ्यायला आत येणार नाही. दुकाने सार्वजनिक रस्त्याला तोंड करून असली पाहिजेत, आणि तो रस्ता वसाहतीतून आरपार गावठाणापर्यंत गेला पाहिजे. भिंत हवीच असेल तर ती प्रत्येक इमारतीच्या अंगणापुरती असावी.

गाळा नंबर चार

मी व्यापारी आहे आणि मी रेखांकन यांच्या शेवटच्या परिच्छेदाची किंमत स्वतः मोजली आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका नव्या वसाहतीतील संकुलात मी किराणा मालासाठी गाळा विकत घेतला. संकुल प्रवेशद्वाराच्या आत होते. पहिल्या वर्षी वसाहतीत साठ-सत्तर कुटुंबे राहायला आली होती आणि दुकाने मात्र चाळीसच्या वर काढलेली होती. माझ्या अनुभवाने किराण्याच्या एका दुकानाला शंभर-दीडशे तरी नियमित घरे लागतात, आणि आमच्या ओळीत किराण्याचीच तीन दुकाने होती. वर्षभरात निम्मी शटर खाली आली. बंद शटरांची ओळ पाहून उरलेले ग्राहकही तिकडे फिरकेनासे झाले. मी कर्ज फेडत राहिलो आणि अखेरीस गाळा तोट्यात दिला.

त्यामुळे माझी पहिली विनंती अशी की दुकाने एका ठिकाणी संकुल करून बांधू नका. ज्या रस्त्याने माणसे शाळेला, बसथांब्याला आणि कार्यालयाला चालत जातील, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तळमजल्यावर ती काढा, आणि पहिल्या टप्प्यात मोजकीच उघडा. ज्या गाळ्यांना अजून गिऱ्हाईक नाही त्यांची जागा राखून ठेवावी आणि तोपर्यंत तिथे अभ्यासिका, पाळणाघर किंवा दवाखाना चालू द्यावा.

दुसरी गोष्ट गाळ्यांच्या मापाची. विकसक सर्व गाळे एकाच मापाचे काढतो, दर्शनी बाजू अरुंद आणि खोली फार, कारण त्याला संख्या वाढवायची असते. अशा गाळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात दिवसाही दिवा लावावा लागतो. वसाहतीला शिंपी लागतो, इस्त्रीवाला लागतो, चपला शिवणारा लागतो, पिठाची गिरणी लागते. या लोकांना मोठा गाळा परवडत नाही, आणि त्यांच्यावाचून कोणाचे चालतही नाही. दहा-पंधरा चौरस मीटरांचे काही छोटे गाळे मुद्दाम काढावेत आणि ते विकू नयेत, भाड्याने द्यावेत. गिरणीचा आवाज आणि पिठाचा धुरळा यांचा विचार करून तिची जागा आधीच नक्की करावी, नाहीतर वर राहणाऱ्यांच्या तक्रारींमुळे ती सहा महिन्यांत बंद पडते.

माल उतरवणारा टेम्पो कुठे उभा राहील, हेही नकाशावर दाखवून घ्या. आमच्याकडे ते कोणाच्या लक्षातच आले नव्हते आणि रोज सकाळी शाळेच्या बससमोर गोण्या उतरत असत.

शिवारातला

सर्वांचे मनापासून आभार. मालकीचा मुद्दा आमच्या बैठकीत इतक्या स्पष्टपणे कोणी मांडलाच नव्हता. गाळा नंबर चार यांना सोसावे लागलेले नुकसान वाचून वाईट वाटले, आणि त्यांनी ते इतक्या मोकळेपणाने लिहिले याबद्दल विशेष ऋणी आहे.

आमच्या गावात दर गुरुवारी ओढ्याच्या अलीकडच्या पटांगणात आठवडे बाजार भरतो. तेवढा तुकडा आमच्यापैकी दोन घरांच्या सातबाऱ्यावर आहे, पण माझ्या आजोबांच्या काळापासून तिथे बाजार भरतो आणि आजवर कोणी अडवलेले नाही. कच्च्या आराखड्यात त्याच जागेवर वाहनतळ दाखवला गेला आहे. वरील चर्चा वाचल्यावर मला ही चूक वाटू लागली आहे. बाजार तिथेच ठेवावा काय?

घडण

मी वास्तुरचनाकार आहे. बाजार तिथेच ठेवा, एवढेच नव्हे तर वसाहतीचा मुख्य चौक त्या पटांगणाभोवती आखा. जिथे माणसांचे पाय आपोआप वळतात, अशी जागा नकाशावर नव्याने निर्माण करणे अत्यंत कठीण असते. आपल्याला ती आयती मिळाली आहे. गुरुवारी बाजार, इतर दिवशी मुलांचे खेळ, गणपतीच्या दिवसांत मांडव, असे तिचे अनेक उपयोग होतील, आणि चौकाभोवतीच्या दुकानांना आठवड्यातून एक दिवस तरी पंचक्रोशीतील ग्राहक हमखास मिळेल. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यात पूर्वापार चालत आलेल्या बाजारांची दखल घेतलेली आहे, हेही आपल्या बैठकीत सांगावे.

आता इमारतींविषयी. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत पिढ्यान्पिढ्या चालली, आणि लक्ष्मी रस्त्यावर आजही तिच्या खुणा दिसतात. ती चालली याचे एक कारण असे की दुकानदार आणि वर राहणारा बहुधा एकाच घरातला किंवा एकमेकांच्या ओळखीचा असे. नव्या इमारतीत हे दोघे अनोळखी असतात, म्हणून जी तडजोड पूर्वी नात्याने होत असे ती आता रचनेतच करावी लागते.

सर्वाधिक भांडणे गळतीवरून होतात. वरच्या सदनिकेचे न्हाणीघर दुकानाच्या बरोबर वर आले की एके दिवशी मालावर पाणी पडते आणि पुढची दहा वर्षे दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. दुकाने आणि घरे यांच्यामध्ये नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी कमी उंचीचा एक वेगळा मजला ठेवला तर हा प्रश्न बव्हंशी सुटतो. त्याचा खर्च येतो, आणि काटकसरीत पहिली कात्री त्याच्यावरच चालते. तो कापू देऊ नका. खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी धुराची वाहिनी तळापासून गच्चीपर्यंत बांधकामाच्या वेळीच काढावी, कारण नंतर ती इमारतीच्या बाहेरून चिकटवली जाते आणि प्रत्येक मजल्यावरच्या खिडक्या कायमच्या बंद कराव्या लागतात. तशी वाहिनी ज्या गाळ्यांना आहे, त्यांनाच उपाहारगृहाची परवानगी मिळेल असे करारात लिहावे.

कार्यालये घरांच्या डोक्यावर किंवा पायाखाली शक्यतो घालू नयेत. कार्यालयाला मोकळा, अधिक उंचीचा मजला आणि दूर-दूर खांब लागतात, तर घराच्या खोल्या लहान आणि भिंती जवळ असतात. दोन्ही एकावर एक रचले की मध्ये अवजड तुळया घालाव्या लागतात आणि तळघरातील वाहनतळ भलत्याच ठिकाणी आलेल्या खांबांनी अडतो. ती वेगळ्या इमारतीत, पण घरांपासून पाच मिनिटांच्या पायी अंतरावर असावीत, आणि त्यांचा जिना, उद्वाहन व प्रवेश स्वतंत्र असावा. वाहनतळ मात्र सामायिक ठेवता येतो, कारण कार्यालयांच्या गाड्या संध्याकाळी जातात आणि रहिवाशांच्या त्याच वेळी परत येतात. मंजुरीसाठी प्रत्येक वापराची वाहनसंख्या नियमानुसार वेगळी दाखवावीच लागेल, पण प्रत्यक्ष वापराचे वेळापत्रक करारात लिहून ठेवले तर रस्त्यावर गाड्या लागणार नाहीत.

वाशीकर

नवी मुंबईच्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. मुंबईला रोज लोंढे जाऊ नयेत म्हणून घर आणि काम एकाच ठिकाणी असावे, हा त्यामागचा मूळ विचार होता. वाशी आणि बेलापूर येथे रेल्वे स्थानकांच्या इमारतींतच कार्यालयांसाठी जागा बांधली गेली, हे त्याचेच उदाहरण आहे. गाडीतून उतरून रस्ता न ओलांडता कामावर जाता येते, ही सोय इतकी साधी आहे की तिचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे रेल्वे नसली तरी बसथांबा असेलच. कार्यालयांच्या इमारती मुख्य रस्त्यावर कुठेही न ठेवता त्या थांब्याशी जोडाव्यात.

दुसरी गोष्ट कटू आहे. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले त्यांच्या वाट्याला त्यातील काय येणार, हे सुरुवातीला ठरले नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जुनी गावठाणे मात्र नकाशावर जणू रिकामी जागा म्हणून सोडलेली होती. आखीव सेक्टरांच्या मधोमध ती दाटीवाटीने वाढत गेली. आपले स्वतःचेच गावठाण आपल्या आराखड्याच्या कडेला आहे. तिथपर्यंत सांडपाण्याची वाहिनी आणि चालण्याचा रस्ता नेण्याचा खर्च आजच धरा.

गिरणगावकर

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींविषयी थोडक्यात लिहितो. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मैदाने आणि घरे यांचा वाटा एका शब्दाच्या फरकाने आक्रसला.

कार्यालये आली, हजारो नोकरदार आले, पण स्थानके आणि पूल गिरणी कामगारांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्या पुलावरून मी अनेक वर्षे गेलो आहे. म्हणून कळकळीने सांगतो की पादचाऱ्यांच्या वाटेची रुंदी आणि आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग यांना सजावटीच्या आधी पैसे द्यावेत. आणि मोकळ्या जागेची हमी "सुमारे", "शक्यतो" अशा शब्दांत न लिहिता गट क्रमांक आणि मोजमापासह लिहावी.

लेक शिवाराची

दादा, एक प्रश्न विचारते. २२ खातेदार आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांत बहिणींची आणि लेकींची नावे किती आहेत?

माझ्या माहेरी अशाच एका कराराच्या वेळी आम्हा बहिणींना एका संध्याकाळी बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या करायला सांगितले गेले. कागद वाचायलाही वेळ दिला नाही. मी सही केली नाही म्हणून दोन वर्षे माझे माहेरी जाणे बंद होते. अखेर वकिलानेच वडीलधाऱ्यांना समजावले की सर्व वारसांच्या संमतीशिवाय जमिनीचे हक्क निर्वेध ठरणार नाहीत आणि बँक कर्ज देणार नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि वडील त्या तारखेआधी वारले असले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

भागभांडवलाची पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते. जमिनीचा तुकडा पाडून बहिणीला देणे भावांना जड जाते, पण कंपनीतील भाग तिच्या नावावर करण्यात कोणाचा बांध मोडत नाही. दर महिन्याच्या भाड्यातील तिचा हिस्सा थेट तिच्या खात्यात जमा होऊ शकतो. बैठकीला लेकींनाही बोलवा, आणि नकाशा ठरण्याच्या आधी बोलवा. पाळणाघर कुठे असावे, संध्याकाळी कोणत्या रस्त्यावर उजेड आणि उघडी दुकाने असावीत, हे त्यांना नेमके सांगता येईल.

हिशेबनीस

ताईंचा मुद्दा सर्वांत आधी हाताळावा. मोजणी, फेरफार आणि वारसनोंदी पूर्ण नसतील तर पुढचे सर्व कागद लटकतात.

कायद्याच्या बाजूने तीन सूचना करतो. स्थावर संपदा अधिनियम २०१६ नुसार ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवून केवळ जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरावी लागते. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे राहते, आणि मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. बांधलेल्या क्षेत्रात किंवा उत्पन्नात वाटा घेणारा जमीनमालकही आपल्या राज्यात प्रवर्तक धरला जातो. म्हणजे आपण केवळ जमीन दिली, बाकी विकसक पाहील, असे म्हणून मोकळे होता येणार नाही.

दुसरी सूचना टप्प्यांविषयी आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामासाठी पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी लागते, आणि आपण ती मर्यादा सहज ओलांडाल. परवानगी संपूर्ण प्रकल्पाची एकत्र घ्यावी. मात्र बांधकाम, नोंदणी आणि कर्ज टप्प्याटप्प्याने घ्यावे. पहिल्या टप्प्यात काही घरे, बाजारचौकातील थोडे गाळे आणि कार्यालयाची एक लहान इमारत असावी. घरांच्या विक्रीतून ती कार्यालयाची इमारत कर्जाशिवाय पूर्ण झाली, तर दुसऱ्या टप्प्यात सौदा करताना आपण घाईत नसाल.

तिसरी सूचना देखभालीची आहे. घरे, गाळे आणि कार्यालये यांची एकच सहकारी गृहनिर्माण संस्था केल्यास दर सर्वसाधारण सभेत वाद होतात : उद्वाहन न वापरणारा दुकानदार त्याचा खर्च का देईल, आणि दुकानांच्या कचऱ्याचा खर्च रहिवाशांनी का सोसावा? घरांच्या इमारतींच्या वेगळ्या संस्था असाव्यात. भाड्याने द्यायची कार्यालये आणि गाळे कंपनीच्या मालकीत राहावेत, आणि रस्ते, पाणी, सांडपाणी व चौक यांच्यासाठी सर्वांचा शिखर संघ असावा. पाण्याचे आणि विजेचे मीटर वापरानुसार पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

शिवारातला

काल रात्री आमची बैठक झाली आणि हा संपूर्ण धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. लेक शिवाराची यांचा प्रतिसाद वाचताना बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ताईंनी विचारले होते म्हणून सांगतो : २२ खात्यांपैकी केवळ तीन खात्यांवर स्त्रियांची नावे आहेत, आणि त्या तिघीही विधवा आहेत. लेकीचे नाव एकाही खात्यावर नाही. पुढची बैठक गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, देवळाच्या सभामंडपात ठेवली आहे, आणि सर्व घरांतील बहिणींना व लेकींना निरोप गेले आहेत. माझ्या दोन्ही आत्यांना मी स्वतः जाऊन सांगून आलो.

दोन्ही प्रस्तावांना आम्ही तूर्त नकार कळवला आहे. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रित मोजणीचा अर्ज द्यायचे ठरले. बाजाराचे पटांगण कोणत्याही आराखड्यात मोकळे राहील, असा ठराव सर्वांच्या सह्यांनिशी झाला, आणि कुंपणभिंतीचा आग्रह तरुणांनी आपण होऊन सोडला. कार्यालये आणि गाळे विकायचे नाहीत यावर मात्र एकमत झालेले नाही. चार घरांवर कर्ज आहे, त्यांना पैसा आताच हवा आहे, आणि त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्या भागांपैकी काही भाग इतर खातेदारांनी आधी विकत घ्यावेत असा एक विचार पुढे आला आहे, परंतु त्यांची किंमत कशी ठरवावी हे आम्हाला समजत नाही. जमीन अजून बिनशेती झालेली नसताना, म्हणजे भावी भाड्याचा केवळ अंदाज हाती असताना, अशा भागाचे मोल न्याय्य रीतीने कसे काढतात? हिशेबनीस आणि हडपसरकर यांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे. शक्य झाल्यास गुरुवारच्या आत लिहावे.